क्षीरसागर ‘क’मध्ये की ‘ह’नंतर? मराठी लघुप्रबंधाला एपीए लावताना

आमच्या विभागाच्या सूचनापत्रकात शैलीबद्दल एकच ओळ होती : ‘संदर्भ एपीए शैलीत, सातव्या आवृत्तीप्रमाणे द्यावेत.’ एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ देण्याची आणि मांडणीची पद्धत. खाली नमुन्यादाखल दिलेल्या नोंदी मात्र चक्क सहाव्या आवृत्तीतल्या. प्रकाशकाच्या आधी गावाचं नाव, दुव्याच्या आधी ‘येथून प्राप्त’, आणि पानाच्या माथ्यावर, छोट्या केलेल्या शीर्षकाआधी, ‘रनिंग हेड’ हे शब्द. सातवी आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली आणि तिने यातलं जवळजवळ सगळं मोडीत काढलं. प्रकाशनस्थळ गेलं. ‘येथून प्राप्त’ फक्त सतत बदलणाऱ्या पानांपुरतं उरलं. विद्यार्थ्याच्या पेपरला तर रनिंग हेड लागतच नाही, उजव्या कोपऱ्यात पानाचा क्रमांक दिला की झालं. पत्रक बहुधा वर्षानुवर्षं झेरॉक्स होत आलेलं होतं, फक्त आवृत्तीचा आकडा कुणीतरी बदललेला.

मी एम. लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी, करत होते. विषय होता कोकणातल्या एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचा वाचकवर्ग, आणि लघुप्रबंध मराठीत लिहायचा होता. त्यामुळे माझ्या संदर्भांत नाना तऱ्हा होत्या. शंभर वर्षांपूर्वीचे छापील वार्षिक अहवाल, ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७’, जनगणनेचे तक्ते, फुल्यांचं लेखन, केतकरांचा ज्ञानकोश, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं इंग्रजी पुस्तक, आणि वाचनालयाच्या ग्रंथपाल काकांनी चहा पिता पिता सांगितलेल्या गोष्टी. एपीए ही मुळात अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची सोय. १९२९ साली ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये सात पानांचा एक मजकूर छापून आला, तिथून तिची सुरुवात. आज तिची पुस्तिका चारशेहून जास्त पानांची आहे, पण त्या पानांत शके १८३९ बसत नाही.

पण शकापर्यंत जायच्या आधी फॉन्टनेच घाम काढला.

कॉलेजच्या गल्लीत टायपिंगची दुकानं आहेत, तिथे प्रबंध टाईप करून, बाइंडिंग करून, वर सोनेरी अक्षरं ठोकून मिळतात. माझी पहिली दोन प्रकरणं तिथेच टाईप झाली, जुन्या पद्धतीच्या, युनिकोड (कुठल्याही संगणकावर सारखी उघडणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये. छापील कागदावर सुंदर दिसतात. पण ती फाईल माझ्या मार्गदर्शक मॅडमना मेल केली की त्यांच्या संगणकावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ उघडते. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यांतून मजकूर काढला की सगळ्यात आधी मरतो तो ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’. स्पेलचेकही ‘दर्या’ला काही म्हणत नाही, कारण तोही शब्दच आहे. कोकणावरच्या लघुप्रबंधात दऱ्याही येतात आणि दर्याही, म्हणजे शोधून एकदम बदलायचीही सोय नाही. शेवटी ती प्रकरणं मी स्वतः युनिकोडमध्ये बसवली आणि पुढचं सगळं घरीच टाईप केलं.

एपीए फॉन्टच्या बाबतीत तशी उदार आहे. टाइम्स न्यू रोमन १२, कॅलिब्री ११, एरियल ११, जॉर्जिया ११ असे पर्याय देते आणि एकूण धोरण असं की, वाचता यावं आणि लागणारी सगळी अक्षरं त्यात असावीत. देवनागरीसाठी यातला एकही कामाचा नाही. वर्डमध्ये एक गंमत आहे, ती टायपिंगवाल्यांनाही ठाऊक असतेच असं नाही. फॉन्टच्या चौकटीत लॅटिन मजकुराचा फॉन्ट वेगळा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा वेगळा असतो, आकारही वेगळा. देवनागरी दुसऱ्या खात्यात येते. तिथलं काही न बघता शैली ठरवून मोकळं झालं तर रोमन नावं एका मापात आणि मराठी मजकूर भलत्याच मापात. दोन्ही खाती एकदा शैलीतच भरून ठेवली की शीर्षकं, तक्ते, संदर्भसूची सगळं एका दमात सरळ होतं. यासाठी अर्धी दुपार गेली तरी चालेल, पण हाताने ओळी निवडून ठळक करत बसू नये.

ओळींमधलं अंतर हा दुसरा प्रकार. एपीएला दुप्पट अंतर हवं. मंगलसारख्या फॉन्टमध्ये वेलांट्या-मात्रांसाठी मुळातच वर-खाली ऐसपैस जागा असते. दुप्पट केलं की पानावर ओळी कमी आणि मोकळी जागाच जास्त. विद्यापीठाच्या पत्रकात दीडपट लिहिलं होतं, शिवाय बाइंडिंगसाठी डावा समास दीड इंच. एपीए म्हणते, चारही बाजूंनी एक इंच. इथे प्रश्न नव्हता, कारण संस्थेचा नियम असेल तर तो पाळा असं एपीएच सांगते. शिवाय ‘ल’ आणि ‘श’. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ अपेक्षित आहे. बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ घेतला आणि तो विषय संपवला.

तिरपी अक्षरं मात्र मी वापरली नाहीत. एपीएत पुस्तकाचं नाव तिरपं छापतात. देवनागरीला खरं तिरपं वळण बहुतेक फॉन्टांत नसतंच. वर्ड अक्षरं नुसती कलंडवतं, शिरोरेघ तशीच आडवी राहते आणि खालचे दंड पडायला आलेले दिसतात. मॅडमनी सुचवलं, मराठी शीर्षकं एकेरी अवतरणात दे, इंग्रजी शीर्षकं तिरपी. मराठी पुस्तकांत हे चालत आलेलंच आहे.

आता मुख्य मुद्दा, नावं. आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षरं, कंसात वर्ष : हा एपीए नोंदीचा सांगाडा. इंग्रजीत आद्याक्षर म्हणजे पहिलं अक्षर, त्यात शंकेला जागाच नाही. आपल्याकडे वि. स., पु. ल., गं. बा. असं असतं, म्हणजे अक्षर मात्रा-अनुस्वारासकट घ्यायचं. केतकरांचं पूर्ण नाव श्रीधर व्यंकटेश. म्हणजे नोंद ‘केतकर, श्री. व्यं. (संपा.)’. आम्ही मैत्रिणी एकमेकींच्या याद्या तपासत होतो. एपीएत पदव्या-उपाध्या गाळायच्या असतात, म्हणून प्रत्येक जण डॉ., प्रा., संत, महात्मा खोडत चाललेला. माझी यादी परत आली तेव्हा केतकरांचं ‘श्री.’ लाल पेनाने खोडलेलं, आणि बाजूला लिहिलेलं : ‘मान नको!’ ज्ञानकोशकारांचं स्वतःचं नाव श्रीयुत म्हणून कापलं गेलं होतं. मी ते परत घातलं. मॅडमकडे गेल्यावर त्यांनीही तिथे पेन टेकवलं, मग स्वतःच हसल्या आणि पुढे गेल्या.

रंगनाथनांचं वेगळंच. ते शियाली रामामृत रंगनाथन. यात शियाली हे गाव, रामामृत वडिलांचं नाव, आणि रंगनाथन हे त्यांचं स्वतःचं नाव. आडनाव नाहीच. एपीएच्या साच्यात मात्र शेवटचं नाव ते आडनाव, आणि जगभर ते तसेच नोंदले जातात. इथे साचा आणि वहिवाट जुळत होती, म्हणून मी ढवळाढवळ केली नाही. कोड्यात टाकलं ते लिपीने. मजकुरात मी ‘रंगनाथन’ असं देवनागरीत लिहिलं होतं, सूचीत पुस्तक इंग्रजी असल्यामुळे नाव रोमन लिपीत. वाचकाने कंसातलं ‘रंगनाथन, १९३१’ वाचून मराठी यादीत ‘र’ काढायचा, तिथे नाही म्हणून परत उलटायचं. एपीएचा उपाय असा की, इतर लिपीतला संदर्भ रोमन लिपीत लिहून घ्या, शीर्षकाचं इंग्रजी भाषांतर चौकोनी कंसात द्या आणि यादी एकच ठेवा. इंग्रजी पेपरला तो ठीक. मराठी लघुप्रबंधात मराठी पुस्तकांची नावं रोमन करून, पुन्हा त्यांची इंग्रजी भाषांतरं देणं म्हणजे आपल्याच घरात पाहुण्यासारखं वावरणं. मी दोन याद्या ठेवल्या, मराठी आधी, इंग्रजी नंतर. आणि नियम केला : वाक्यात नाव देवनागरीत, पण कंसातला संदर्भ ज्या यादीत नोंद आहे त्या लिपीत. पान जरा मिश्र दिसतं, पण नोंद पहिल्या फटक्यात सापडते. रंगनाथनांच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे आहे. मॅडमनी माझ्या या नियमावर थोडी नाराजी दाखवली तेव्हा मी तेच पुढे केलं. ग्रंथालयशास्त्राच्या मार्गदर्शकाला त्यापुढे बोलता येत नाही.

मॅडमची खरी तक्रार वेगळीच होती. त्यांचा स्वतःचा प्रबंध जुन्या वळणाचा. प्रकरणाच्या शेवटी संदर्भटीपा, आकडा टाकायचा आणि खाली ‘तत्रैव, पृ. ४५’, म्हणजे वरच्याच पुस्तकात. एपीएत तत्रैव नाही. प्रत्येक वेळी लेखक आणि वर्ष, शब्दशः उतरवलं असेल तर पानही. “अगं, एका परिच्छेदात चार वेळा तेच नाव? वाचवत नाही हे,” असं त्या म्हणायच्या. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि क्रियापदाच्या आधी किंवा नंतर कंस आला की वाक्य अडखळतं. मी शक्य तिथे नाव वाक्यातच घेतलं : ‘फुले (१८७३/१९६९) यांच्या मते…’ म्हणजे कंसात फक्त वर्ष राहिलं.

ही दोन वर्षं हा एपीएचा मला सर्वांत आवडलेला नियम. ‘गुलामगिरी’ १८७३ ची. माझ्या हातात होतं ते महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेलं ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’, धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेलं, १९६९ चं. आपल्याकडे सर्रास ‘फुले, १९६९’ असं दिसतं, आणि वाचकाला वाटावं की फुले साठोत्तरी लेखक. तिरकी रेघ मारून दोन्ही वर्षं दिली की लेखन केव्हाचं आणि पान क्रमांक कुठल्या पुस्तकातला, दोन्ही कळतं. सूचीत नोंद १९६९ ची, शेवटी कंसात ‘मूळ प्रकाशन १८७३’. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरकही इथेच जपावा लागतो. मराठी पुस्तकाच्या मागच्या पानावर पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, पुनर्मुद्रण अशी माळ असते. हातातली आवृत्ती ज्या वर्षीची ते वर्ष घ्यायचं, पुनर्मुद्रणांची गणती करायची नाही.

वाचनालयाच्या जुन्या अहवालांत वर्षही सरळ नव्हतं. प्रास्ताविकाखाली ‘विजयादशमी, शके १८३९’. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९१७. पण शक चैत्रात सुरू होतो, त्यामुळे अहवाल पौष-माघातला असेल तर बहुतेक वेळा ७९ मिळवावे लागतात. एका अहवालावर महिना नव्हताच, नुसता शक. तिथे मी दोन वर्षं जोडून लिहिली. सगळीकडे इसवी सन आधी आणि मागे चौकोनी कंसात शक ठेवला, कारण उद्या कुणी त्या वाचनालयाच्या कपाटापाशी गेलं तर पुठ्ठ्यावर शकच लिहिलेला आहे. लेखक कोण, हा प्रश्न सोपा निघाला. अहवाल वाचनालयाचा, छापला वाचनालयाने. लेखक आणि प्रकाशक एकच असेल तर एपीए प्रकाशक गाळते, नोंद छोटी होते.

प्रकाशनस्थळ गाळायला मात्र माझा हात धजत नव्हता. पेंग्विन प्रकाशन कुठलं हे कुणी विचारत नाही, खरं आहे. पण शतकापूर्वी चिपळूण, वाई, बेळगाव अशा ठिकाणी एकेका छापखान्याने पुस्तकं काढली, त्यांची नावंही ‘ज्ञानसागर’, ‘विद्याविलास’ छापाची, दोन गावांत एकाच नावाची असू शकतात. गाव काढलं की माग काढायचं मोठं साधन गेलं. तरीही सातव्या आवृत्तीचा नियम म्हणून मी गावं काढली. पटलं नाही, पाळलं.

अवतरणांचा नियम : ४० शब्द किंवा जास्त असतील तर वेगळा परिच्छेद, डावीकडे अर्धा इंच आत, अवतरणचिन्हांशिवाय. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे चाळीस शब्दांत इंग्रजीपेक्षा बराच जास्त मजकूर मावतो. पण हा वाद काढायला वेळ नव्हता, चाळीस ते चाळीस.

तक्त्यांना एपीए उभ्या रेघा देत नाही. वर ‘तक्ता १’ ठळक, त्याखाली शीर्षक, आडव्या रेघा मोजक्या. बाइंडिंगवाल्या दादांना ते अर्धवट वाटलं आणि प्रिंट काढताना त्यांनी प्रेमाने सगळ्या चौकटी पूर्ण करून दिल्या. पुन्हा प्रिंट. साक्षरतेच्या तक्त्यापाशी मात्र संदर्भ द्यायच्या सक्तीचा फायदा झाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता किती? एका ठिकाणी ८२.९१ टक्के सापडली, दुसऱ्या ठिकाणी ८२.३४. दोन्ही सरकारी. नोंद पूर्ण लिहायला बसल्यावर कळलं की पहिला आकडा तात्पुरत्या निष्कर्षांचा, दुसरा अंतिम. नोंदीत शीर्षक पूर्ण लिहावंच लागतं आणि शीर्षकातच ‘तात्पुरते’ हा शब्द होता. नुसतं ‘जनगणना २०११’ लिहून भागलं असतं तर दोन प्रकरणांत दोन आकडे राहिले असते.

आता काका. वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल, तरी रोज संध्याकाळी टेबलाशी येऊन बसणारे. देवघेव कशी चाले, कोणत्या साली वर्गणी वाढली, कादंबऱ्यांवर कोणत्या सभासदांनी आक्षेप घेतला, हे सगळं त्यांच्याकडून कळलं. एपीएत अशी माहिती ‘व्यक्तिगत संवाद’ धरतात. मजकुरात कंसात नाव आणि तारीख द्यायची, सूचीत नोंद करायची नाही, कारण वाचकाला तो संवाद काढून बघता येत नाही. प्रश्नावली भरलेल्या सभासदांचं आणखी वेगळं : ते अभ्यासाचे सहभागी, त्यांची वाक्यं संदर्भ म्हणून दाखवायचीच नाहीत आणि नावंही द्यायची नाहीत. काकांनी एकदा सहज विचारलं, “शेवटी पुस्तकांची यादी असते ना, त्यात आमचं येईल का?” मी नियम सांगितला. ते पक्के ग्रंथपाल. क्षणभर विचार करून म्हणाले, “बरोबर आहे. मला काही दाखलांक नाही.” दाखलांक म्हणजे ग्रंथालयात दाखल होताना पुस्तकाला मिळणारा क्रमांक. ऋणनिर्देशात त्यांचं नाव पहिलं आहे, आणि मजकुरात तेच नाव जवळपास प्रत्येक पानावर कंसात येतं.

संदर्भ सांभाळण्यासाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरलं, पण फक्त इंग्रजी यादीपुरतं. मराठीला ‘संपा.’, ‘अनु.’, ‘पृ.’ आणि ‘व इतर’ लागतं, ते हाताने केलेलं बरं. तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्या उल्लेखापासूनच पहिलं नाव आणि ‘व इतर’. दोन असतील तर इंग्रजीत वाक्यात पूर्ण शब्द आणि कंसात चिन्ह वापरतात. आम्ही वाक्यात ‘आणि’, कंसात ‘व’ असं ठरवलं. दुसरी ओळ अर्धा इंच आत घेण्यासाठी संपूर्ण यादी निवडून कंट्रोल-टी. स्पेसबार मारून ओळी ढकलणाऱ्यांची फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

वर्णानुक्रम शेवटी आला. वर्डने यादी लावली तेव्हा क्षीरसागर ‘क’च्या लेखकांत जाऊन बसले, कुलकर्ण्यांच्या खाली. तर्काने बरोबर, क्ष म्हणजे क् अधिक ष. पण आपण वर्णमाला ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ अशी म्हणतो, आणि मराठी वाचक क्षीरसागर यादीच्या तळाशी शोधतो. कोशांत आणि ग्रंथालयांच्या तालिकांत दोन्ही पद्धती भेटतात. मी ‘ह’नंतर घेतले. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या सरांनी लघुप्रबंध हातात घेतला तो मागच्या बाजूने उघडला. नेमकं तेच पान. “हे इथे का?” मी वर्णमाला सांगितली. “मग ज्ञानेश्वरसुद्धा इथे?” सूचीत ज्ञानेश्वर नव्हते, पण असते तर इथेच, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पटलं की नाही ते कळलं नाही, आणि पुढचा प्रश्न विचारला : “सगळीकडे प्रकाशनाचं गाव राहून गेलंय, ते का?”

सातवी आवृत्ती, असं मी सांगितलं. ते म्हणाले, पत्रकातल्या नमुन्यात तर आहे. मॅडमनी पत्रक मागवून घेतलं. विभागाने त्यानंतर नमुन्याच्या नोंदी बदलल्या. शक, लिपी आणि ‘व इतर’ यांबद्दलच्या ओळी त्यात माझ्याच फाईलमधून उचलल्या आहेत. गाव ऐच्छिक ठेवलंय. क्षीरसागरांबद्दल विभागात अजून दोन मतं आहेत, म्हणून पत्रकात त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही.